अकरा पावलांची बचत

२ एप्रिल १९८४, सोमवार
आजपासून मी सुधारणा प्रमुख. सकाळच्या कवायतीनंतर मालक हिराइवांनी एक्केचाळीस माणसांसमोर जाहीर केलं. टाळ्या तिघांनी वाजवल्या, त्यातला एक मी. बाकीच्यांच्या हातात मोजे होते, त्यामुळे आवाज आला नसावा.

विभागात मी एकटाच आहे. बरंय. दुसरा कोणी असता तर फुकटच असता.

गोदाम रिकामं ठेवायचं धोरण आल्यावर गोदामप्रमुख त्सुझुकीचं करायचं काय हा मालकांना प्रश्न पडला, म्हणून हे पद काढलं, असं लोक बोलतात. बोलोत. सव्वीस वर्षं या कारखान्यात काढलीत मी. मोटारीच्या दाराची बिजागरी कशाशी खातात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

नागोयाला तीन दिवसांचा कोर्स करून आलोय. पहिल्या दिवशी सर्दीमुळे गेलो नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी निघावं लागलं. पण जे ऐकलं ते पक्कं. गिऱ्हाइकाच्या कामाचं नाही ते सगळं मुदा, म्हणजे वाया. चालणं मुदा. थांबणं मुदा. साठवणं मुदा. शिक्षकाने आणखीही बरंच सांगितलं, पण ते मुदा होतं.

३ एप्रिल, मंगळवार
स्टॉपवॉच घेतलं. स्विस नाही, पण टिकटिक भारदस्त आहे. गळ्यात घालून दिवसभर फिरलो. माणसं दुप्पट वेगाने काम करत होती. म्हणजे आजवर निम्म्याच वेगाने करत होती. एका दिवसात केवढा शोध!

४ एप्रिल, बुधवार
कारखान्यातला सर्वांत मोठा मुदा सापडला. वय अठ्ठावन्न, नाव काकेही सुए.

काकेहीबाई शेवटच्या तपासणीवर. आमच्याकडे सतरा वर्षं, त्याआधी कापडगिरणीत ताग्यातले दोष बघायच्या. प्रत्येक डब्यावर त्यांच्या नावाचा शिक्का बसतो, मग डबा मोटार कंपनीकडे जातो. आता त्यांची कामाची तऱ्हा बघा. ट्रेमध्ये वीस बिजागऱ्या जमल्या की बाई ट्रे उचलतात, अकरा पावलं चालत उत्तरेच्या खिडकीपाशी जातात, एकेक बिजागरी उचलून मान वाकडी करून बघतात, की अकरा पावलं परत. दिवसाला बासष्ट ट्रे. मी हिशेब मांडला. बाई वर्षभरात चालत ओसाका गाठतात, आणि त्या प्रवासाचा पगार आम्ही देतो.

बरं, सरळ तरी जाव्यात? वाटेत खिडकीलगत दाबयंत्र नंबर दोन आहे. त्यावर इशिगुरे. चाळिशीचा, जाड, कपाळाला कायम तेलाचा डाग. बाई तिथे थांबतात, काहीतरी पुटपुटतात, हा यंत्र बंद करतो, खिशातून दगड काढतो आणि साच्याचा कोपरा घासत बसतो. दिवसातून तीन-चार वेळा. मोजलं. गप्पा आणि घासणं मिळून बावीस मिनिटं!

सतरा वर्षं हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललंय. डोळे होते, दृष्टी नव्हती.

९ एप्रिल, सोमवार
काकेहीबाईंचं टेबल हलवलं. आता ते लाइनच्या अगदी टोकाशी, वर दोन ट्यूबलाइट. उजेड असा की वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचाव्यात. पावलं: शून्य.

बाईंना नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेब, इथे दिसत नाही हो. मी विचारलं, काय दिसत नाही? म्हणाल्या, ते वरून दिसत नाही, तेच तर म्हणते. मी म्हणालो, बाई, दोन ट्यूब आहेत डोक्यावर, आणखी काय सूर्य आणून टांगू? त्यावर बाई म्हणाल्या, सूर्य नकोच, म्हणून तर उत्तरेची खिडकी.

अशा माणसांशी काय बोलणार. सतरा वर्षं एकच काम केल्यावर माणूस कोड्यात बोलायला लागतो.

शेवटी बाई वाकून बरं म्हणाल्या. पटलं असावं.

इशिगुरेलाही ताकीद दिली. यंत्र मधेच बंद करायचं नाही. तो म्हणाला, पण साच्याला कण चिकटतो ना साहेब, मग पत्रा वळताना तिथे ओरखडतो. मी विचारलं, तुला दिसतो कण? म्हणाला, मला नाही दिसत, बाईंना बिजागरीवर कळतं, त्या सांगतात, मग मी घासतो. म्हणजे न दिसणारा कण, न दिसणारी खूण आणि दिसणारा आळस! हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

१२ एप्रिल, गुरुवार
सूचनापेटी लावली. लाल रंग, पितळी कुलूप, किल्ली माझ्याकडे. कामगारांचं डोकं कामाला लावलं पाहिजे. महिन्याला पन्नास सूचनांचं उद्दिष्ट.

संध्याकाळी उघडली. एक चिठ्ठी. ‘खिडकी परत द्या. काकेही.’

छापील नमुन्यावर नाही. सद्यस्थिती नाही, अपेक्षित लाभ नाही, आकृती नाही. लाल पेनने शेरा मारला: अस्पष्ट. नाकारली.

उरलेल्या एकोणपन्नास मलाच लिहाव्या लागणार असं दिसतंय.

२० एप्रिल, शुक्रवार
सुधारणेची सुरुवात घरापासून व्हावी. बायको फुमिएच्या कपाटात माझे नऊ शर्ट. नऊ! अंगावर एक, दोरीवर एक, एवढे पुरतात. बाकीचे सात म्हणजे निव्वळ साठा. तेव्हाच्या तेव्हा मेहुण्याला देऊन टाकले. तो म्हणाला, भावजी, बरे आहात ना?

फुमिए म्हणाली, अहो, जूनमध्ये पाऊस लागला की काय कराल? मी म्हणालो, याच विचाराने कारखाने बुडतात. ती म्हणाली, मी कारखान्याचं नाही विचारलं, शर्टाचं विचारलं.

बायकांना तत्त्व कळत नाही. वस्तू कळते.

२७ एप्रिल, शुक्रवार
आकडे आले! दाबयंत्र नंबर दोन: पूर्वी दिवसाचे त्र्याण्णव टक्के चालू, आता अठ्ठ्याण्णव. तपासणी: पूर्वी ट्रेला सहा मिनिटं, आता साडेतीन. आणि सापडलेल्या खराब बिजागऱ्या: मार्चमध्ये एकशे एकोणचाळीस, एप्रिलमध्ये टेबल हलवल्यापासून चार. चार! नुसतं टेबल हलवून मी दर्जा पस्तीसपट वाढवला.

चार रंगांत चार्ट काढून दाराशी लावला. मालक बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, त्सुझुकी, हे खरं आहे ना? मी म्हणालो, आकडे खोटं बोलत नाहीत. जुलैमध्ये नागोयाला मोटार कंपनीच्या सगळ्या पुरवठादारांचं संमेलन आहे. तिथे आपला कारखाना यावर बोलेल, असं मालक म्हणाले. ‘आपला कारखाना’ म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती.

भाषणाचं पहिलं वाक्य सुचलं: ‘मित्रहो, मी पाहिलं.’

७ मे, सोमवार
सुट्ट्यांनंतर पहिला दिवस. पेटीत तीन चिठ्ठ्या, तिन्हींवर ‘खिडकी परत द्या’. एकीला आकृती जोडली होती. एक चौकोन. तो बहुधा खिडकी असावा. अस्पष्ट. नाकारली.

दुपारी इशिगुरेला रंगेहाथ पकडलं. जेवणाच्या सुट्टीत, यंत्र बंद असताना, दगडाने साचा घासत होता. म्हणाला, माझा स्वतःचा वेळ आहे साहेब, माझा स्वतःचा दगड आहे. मी म्हणालो, साचा कारखान्याचा आहे. दगड जप्त केला. माझ्या ड्रॉवरमध्ये पिवळ्या टेपने चौकट आखली, त्यात ठेवला, खाली लेबल लावलं: ‘दगड’. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर.

इशिगुरे ड्रॉवरकडे बघत म्हणाला, छान दिसतोय. मला वाटलं, सुधारतोय माणूस.

१५ मे, मंगळवार
काकेहीबाई सुधारणार नाहीत. आज ट्रे उचलून पुन्हा खिडकीकडे निघाल्या. मी वाटेत आडवा उभा राहिलो. त्या म्हणाल्या, साहेब, एकच ट्रे, फक्त बघून येते. मी म्हणालो, आज एक, उद्या बासष्ट. त्या ट्रे धरून उभ्या, मी हात पसरून उभा, आणि अख्खी लाइन काम सोडून आमच्याकडे बघतेय. चाळीस सेकंद वाया गेले. मोजले.

निर्णय घेतला. बाईंना पॅकिंगवर पाठवलं. तपासणी आता शेवटचा माणूसच जाताजाता करेल. एक अख्खा टप्पा वाचला!

बाईंनी खिशातून शिक्का काढला, रुमालाने पुसला, परत खिशात ठेवला. म्हणाल्या, डबे बांधीन साहेब, पण जे मी बघितलं नाही त्यावर माझं नाव नको.

तोरा बघा! जणू त्यांच्या नावावाचून मोटारी अडून राहणार आहेत. मी सरळ माझा शिक्का काढला. आता प्रत्येक डब्यावर ‘त्सुझुकी’. लाल शाई, ठसठशीत. डब्याला लगेच वजन आलं. रोज बासष्ट वेळा आपलं नाव कारखान्याबाहेर पडताना बघणं हे काही वाईट वाटत नाही.

२४ मे, गुरुवार
मोटार कंपनीकडून सतरा बिजागऱ्या परत आल्या. वळणावर केसाएवढी भेग आहे म्हणे. मी ट्यूबखाली धरून बघितल्या. काही नाही. हे लोक हातोड्याने ठोकत असतील.

सव्वादोन पानी उत्तर पाठवलं. वापरताना घ्यायच्या काळजीवर बारा मुद्दे.

पॅकिंगवरून जाताना काकेहीबाईंनी विचारलं, किती आल्या? मी म्हणालो, तुमचा विभाग नाही. त्या म्हणाल्या, सतरा ना? पुढच्या आठवड्यात शंभर येतील. हे बोलण्यात आनंद नव्हता. असता तर मी ओरडलो असतो.

१ जून, शुक्रवार
एकशे बारा परत आल्या.

कारणं शोधली. हवा दमट झालीय. पत्र्याचा पुरवठादार बदमाश आहे. इशिगुरेची वृत्ती. यादी अकरा कारणांपर्यंत नेली आणि थांबलो. कोर्समध्ये ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायला सांगितला होता. मी अकरा वेळा विचारला. म्हणजे दुपटीहून जास्त काम झालं.

८ जून, शुक्रवार
वाईट बातमी आहे, पण तिच्याकडे थंड डोक्याने बघितलं पाहिजे.

बुधवारी मोटार कंपनीच्या लाइनवर दार बसवताना आपली बिजागरी वळणावरच तुटली. दार निसटलं. एका जोडाऱ्याच्या पायावर पडलं. दोन बोटं मोडली. त्यांची लाइन एकोणीस मिनिटं बंद होती.

मालक पांढरेफटक झाले होते. म्हणाले, रस्त्यावर तुटली असती तर? आत पोरंबाळं बसलेली असती तर? मी म्हणालो, एका बिजागरीवरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं. ते चांगलं वाक्य होतं.

जोडाऱ्याचं नाव कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

१३ जून, बुधवार
शुक्रवारी मोटार कंपनीचा माणूस येणार. नाव कुरोयानागी. तीस वर्षं लाइनवर काढलेली, आता पुरवठादारांना शिकवत फिरतो. ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला द्यायची की नाही हे तो ठरवणार म्हणे. लोकांचे चेहरे पडलेत. मला मात्र बरं वाटलं. अखेर चार्ट समजणारा कोणीतरी येतोय. चार्टला प्लास्टिकचं आवरण घातलं.

पाऊस थांबत नाही. दोरीवरचा शर्ट तीन दिवस ओला आहे. अंगावरच्याची कॉलर फुमिएने काल नाकाजवळ नेली आणि लगेच सोडून दिली.

१५ जून, शुक्रवार
ओला शर्ट इस्त्रीने वाळवायचा प्रयत्न केला. वाफ निघाली, शर्ट वाळला नाही. तसाच घातला. आठ वाजता फाटकाशी उभा.

कुरोयानागी छोटासा, वाळका माणूस. जुनी टोपी. मी चार्टकडे हात केला. तो चार्टसमोरून गेला. ‘समोरून गेला’ एवढंच. रिकामा खोका मागितला, उलटा केला आणि तपासणीच्या टेबलाजवळ त्यावर बसला.

बसला तो बसलाच. साडेअकरापर्यंत! प्रश्न नाही, टिपण नाही. मला वाटलं, भारावला असेल. बाजूला उभा राहून मी एकेक सुधारणा समजावून सांगत होतो. शर्ट अंगावरच वाळत आला.

साडेअकराला त्याने पहिला प्रश्न विचारला. मला नाही, लाइनच्या शेवटच्या माणसाला. इथे आधी कोण असायचं? तो माणूस म्हणाला, काकेहीबाई. त्या कुठे गेल्या? पॅकिंगला. का? त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

बाईंना बोलावलं. कुरोयानागी उठून वाकला, टोपी काढली. म्हणाला, बाई, तुम्ही कसं बघायचा ते मला दाखवाल का? बाईंनी ट्रे उचलला आणि चालायला लागल्या. माझा अंगठा सवयीने स्टॉपवॉचवर गेला. खिडकीशी त्यांनी एक बिजागरी तिरकी धरली. ही बघा. कुरोयानागीने बघितलं आणि नुसतं हं म्हणाला. बाईंनी दुसरी धरली, तिसरी धरली. वीसमधल्या पाच.

मग बाई वळून इशिगुरेला म्हणाल्या, घास रे, उजव्या कोपऱ्याला बसलाय. जणू दोन महिने मधे गेलेच नव्हते. इशिगुरे म्हणाला, कशाने घासू बाई?

कुरोयानागी म्हणाला, म्हणजे? इशिगुरे म्हणाला, बाई वळणावर खूण बघायच्या, भेग पडायच्या आधीच. मला सांगायच्या, मी दगडाने कण काढायचो, पुढचे ट्रे स्वच्छ यायचे. आता बाई इथून जात नाहीत, आणि माझ्याकडे दगड नाही. कुरोयानागी म्हणाला, दगड कुठेय?

मला ड्रॉवर उघडावा लागला. दगड बरोबर पिवळ्या चौकटीत होता, तसूभरही हललेला नव्हता. कुरोयानागीने चौकट बघितली, खालचं लेबल वाचलं.

मग त्याची नजर शेजारच्या गठ्ठ्यावर गेली. नाकारलेल्या सूचना. मी नीट पिन लावून ठेवल्या होत्या. बाईंच्या चौदा. त्याने एकेक वाचली. सगळ्यांवर तेच तीन शब्द, सगळ्यांवर माझा लाल शेरा. म्हणाला, त्सुझुकीसाहेब, यात अस्पष्ट काय आहे? मी म्हणालो, कुणाला परत द्यायची ते लिहिलेलं नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१७ जून, रविवार
दोन दिवस सगळा कारखाना कामावर. ‘त्सुझुकी’ शिक्क्याचे, अजून न फोडलेले सगळे डबे परत आले. नऊ हजारांवर बिजागऱ्या पुन्हा बघायच्या. काकेहीबाईंनी आठ बायकांना खिडकीशी ओळीने बसवलं आणि कसं धरायचं ते दाखवलं. काहींना जमलं, काहींना नाही. ज्यांना जमलं नाही त्या पुसायला.

मला बसवलं नाही. ट्रे उचलायला लावलं. लाइनपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून लाइनपर्यंत. डाव्या टाचेला फोड. इशिगुरे म्हणाला, साहेब, ओसाका आलं का? याला कुणी सांगितलं तेही कळलं नाही.

चारशे सहा निघाल्या.

कुरोयानागी दोन्ही दिवस थांबला. ऑर्डर आपल्याकडेच राहील, असं आज निघताना मालकांना म्हणाला. मालक तिथेच वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. एवढ्याशा गोष्टीचं काय ते. माझ्याही डोळ्यांत धूळ गेली होती.

२० जून, बुधवार
मालकांनी जोडाऱ्याला भेटायला नेलं. बरोबर खरबूज, चांगल्यापैकी डब्यातलं.

कंपनीच्या वसतिगृहातली खोली. नाव हिदाका, तिशीतला, क्यूशूचा. पाय उशीवर, प्लास्टर. मालक जमिनीला डोकं टेकवून बोलले. मीही टेकवलं. तो बिचारा उलट आमचीच समजूत घालत होता. अहो उठा, उठा हो, बोटंच आहेत, येतील जुळून.

मग चहा झाला. हिदाका म्हणाला, तुमच्याकडे त्या काकेही म्हणून आहेत ना, त्यांना सांगा. त्यांचा शिक्का असला की आम्ही डबा फोडून सरळ लावायला घ्यायचो, बघायचीही गरज नसायची. मग मधे शिक्का बदलला. मला वाटलं, बाई निवृत्त झाल्या असतील. जो कोणी त्सुझुकी आलाय तोही तसाच असेल. तुमच्याकडची माणसं चांगली, म्हणून मी बघितलं नाही. माझीच चूक.

मालक कपात बघत होते.

कामाच्या कोटावर माझ्या नावाचा बिल्ला असतो. मी त्यावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. हिदाका म्हणाला, छातीत दुखतंय का साहेब? पाणी देऊ?

२५ जून, सोमवार
नवी मांडणी. कल्पना काकेहीबाईंची. तपासणीचं टेबल थेट खिडकीत, दाबयंत्र नंबर दोनच्या शेजारी. बाई बसल्या जागेवरून इशिगुरेला सांगू शकतात. अकराची दोन पावलं झाली.

म्हणजे शेवटी पावलं वाचलीच! मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणत होतो? हे मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, त्सुझुकी, तू आता थोडे दिवस काही म्हणू नकोस.

नागोयाच्या संमेलनात काकेहीबाई आणि इशिगुरे बोलणार. मी माझ्या भाषणाचा मसुदा बाईंना देऊ केला, बावीस पानं. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. ‘मित्रहो, मी पाहिलं.’ म्हणाल्या, चांगलं आहे, पण मला एवढं बोलता येणार नाही. मी त्यांना बिजागरीच दाखवीन.

सुधारणा प्रमुख हे पद तूर्त रिकामं. मला तीन महिने तपासणीवर, बाईंच्या हाताखाली. कामाची रीत कागदावर लिहून काढायची आहे, आणि ज्याला ते काम येत नाही त्याने ते लिहू नये, असा मालकांचा नवा नियम. फुमिएला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, बसून काम आहे ना? टाचेला आराम पडेल. मग स्वतःच जाऊन दोन शर्ट घेऊन आली.

तीन महिने कशाला हवेत. बायकांना दोन दिवसांत जमलं. मला आठवडा पुरे.

२ जुलै, सोमवार
आठवडा झाला. बाईंना म्हणालो, माझी परीक्षा घ्या. त्या म्हणाल्या, इतक्यात कशाला साहेब? मी म्हणालो, घ्याच.

त्यांनी वीस बिजागऱ्या मांडल्या. तीन खराब आहेत म्हणाल्या. सावकाश बघा, घाई नाही. स्टॉपवॉच मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो.

एकेक घेतली. तिरकी धरली, मान वाकडी केली, सगळं त्यांच्यासारखं. चार काढून ठेवल्या. खात्री असलेल्या. बाईंनी बघितल्या. दोन तेलाच्या रेघा होत्या. एक चांगली होती. चौथीवरची भेग त्यांनी नखाने उचलली आणि फुंकली. माझ्या भुवईचा केस होता.

मागे यंत्र चालू होतं. इशिगुरे बघत असणार. वळून बघितलं नाही.

खराब तीन बाईंनी ट्रेमधून काढल्या. त्यातली एक माझ्या हातात दिली आणि दोन बोटांनी माझं मनगट जरासं वळवलं. असं, साहेब. उजेडात नका धरू, उजेडाला वरून घसरून जाऊ द्या. मग ती सावली सोडून जाते. कापडाचं असंच असतं. दिसली?

बघितलं. राखाडी पत्रा, वळण, आभाळाचा पांढुरका पट्टा. आणखी थोडं बघितलं. बाई थांबल्या होत्या. मागून ट्रे भरत आला होता, तरी थांबल्या होत्या.

दिसली, म्हणालो.

बाईंनी बिजागरी माझ्या हातातून घेतली, खराब मालाच्या डब्यात टाकली, नवा ट्रे पुढे ओढला. मग बघताबघताच म्हणाल्या, उद्या साडेसातला या, सकाळचा उजेड नव्या डोळ्याला सोपा जातो.

दिसली नव्हती.